म्हसोबाची चढण आणि अण्णाचा टर्बो

आमच्या घरात बोलणं कमी आणि आवाज जास्त. पहाटे अप्पा जीप चालू करायचे तेव्हा आधी सेल्फची किरकिर, मग इंजिनाचा एक दांडगा खोकला, आणि मग फळीवरच्या ताटल्या थरथरायला लागायच्या. त्या थरथरीतच अव्वा चुलीपुढं भाकरी थापायची. तिची थाप आणि इंजिनाचे ठोके एका तालात पडायचे, आणि जीप लांब गेली की तिची थापही मंद व्हायची. हे तिला कधी सांगितलं असतं तर म्हणाली असती, 'तुला कामं न्हाईत.' अव्वा, म्हणजे आमची आई, संकेश्वरकडची. रागावली की कन्नडमध्ये शिरायची, त्यामुळं आम्ही भावंडांनी शिव्या आधी कन्नडमध्ये शिकल्या आणि मराठी मागाहून. भावंडं म्हणजे दोनच, थोरला अण्णा आणि मी. माझं नाव महानंदा, पण मला घरात कुणी 'नंदे'च्या पुढं हाक मारलेली आठवत नाही.

जीप वडापची होती. गारगोटीहून गडहिंग्लजकडं जाणाऱ्या रस्त्यावरनं आत वळलं की आमचं गाव. गावातली माणसं गारगोटीला सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची, हा अप्पांचा धंदा. शेती होतीच, नदीला मोटर होती, पण अप्पांचा जीव जीपवर. दुधाची कॅनं, कोंबड्या, सासरी निघालेल्या पोरी, दवाखान्याला चाललेली म्हातारी माणसं, सगळं त्या एका गाडीत. आणि वाटेत म्हसोबाची चढण. भरलेली जीप ती चढण चढायचीच नाही. पायथ्याला अप्पा गाडी थांबवायचे, काही न बोलता मागं बघायचे, की बाप्ये निमूटपणे उतरून चालायला लागायचे. बायका आणि म्हातारी आत बसून राहायची. कधी कधी उतरलेल्यांना ढकलावंही लागायचं. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चढणीच्या मध्यावर वळणाला म्हसोबाचा शेंदरी दगड, तिथं येणारी-जाणारी प्रत्येक गाडी जरा दम खायची आणि ड्रायव्हर हात जोडायचा. आधी बैलगाड्याही तिथंच थांबत असणार, आणि म्हणूनच कुणीतरी देव तिथं बसवला असणार, असं मला आता वाटतं. तेव्हा असलं बोलले असते तर अव्वानं उलथनं फेकून मारलं असतं.

अण्णाला मात्र ती चढण सोसायची नाही. तो कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर होता आणि शनिवारी घरी यायचा. त्याच्या अंगाला तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास यायचा, आणि पिशवीत माझ्यासाठी काही ना काही असायचं. कधी बेअरिंगच्या गोळ्या, कधी तांब्याची नळी, एकदा तर एक अख्खा गिअर, जो मी कितीतरी वर्षं पुस्तकांवर ठेवला होता. इतर पोरींचे भाऊ बांगड्या आणायचे. माझी तक्रार नव्हती. शनिवारी संध्याकाळी तो भाकरी, खर्डा आणि दही खात बसायचा आणि मी विचारेन ते सांगायचा, त्याला कंटाळा म्हणून यायचा नाही. आणि मग मध्येच म्हणायचा, "माझ्या बाची गाडी माणसं ढकलत्यात. मला लाज वाटत्या, नंदे."

एका शनिवारी तो पोत्यात काहीतरी जड घेऊन आला. सोप्यात पोतं सोडलं तर आत गोगलगाईच्या शंखासारखं वळण घेतलेलं काळं लोखंड. अपघातात चुराडा झालेल्या कुठल्यातरी ट्रकचा टर्बो, भंगारातून उचललेला. अप्पांनी पायानं जरा हलवून बघितलं आणि ते हात धुवायला गेले. मी मात्र खाली बसले. आत एक पात्यांची चकती होती. अण्णा म्हणाला, "बोट लाव." मी बोटानं हलकेच ढकललं आणि ती फिरायला लागली, आवाज नाही काही नाही, नुसती फिरत राहिली. मी बोट काढलं तरी फिरत होती. अव्वानं दोनदा हाक मारली तरी फिरत होती.

"इंजनातनं धूर भाईर पडतोय न्हवं," अण्णा म्हणाला, "त्यो फुकट जातोय. त्या धुरानं ही एक चकती फिरती. तिच्याच दांड्यावर पल्याडची चकती. ती वारा आत कोंबती. वारा जास्त, तर जोर जास्त. भाताच समज की. लोहाराचा भाता."

टाकून दिलेल्या धुरानं गाडी चढण चढणार! मला ते इतकं अफाट वाटलं की त्या रात्री मी जेवताना बोललेच नाही, आणि मी बोलत नाही म्हणून अव्वानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

टर्बो इंजिनाला जोडायचा तर मधला लोखंडी तुकडा ओतून घ्यायला हवा होता. अण्णानं लाकडाचा साचा स्वतः तासला. ओतायच्या दिवशी तो मला कोल्हापूरला घेऊन गेला, कारण मी त्याच्यामागं हात धुऊन लागले होते. फाउंड्रीत पोरगी आलेली बघून तिथल्या माणसांनी आधी तोंडं वाकडी केली, मग एकानं बसायला पाटी पालथी घालून दिली. भट्टीचं तोंड उघडलं आणि लोखंड पाण्यासारखं वाहत आलं. मी लोखंड म्हणजे जगातली सगळ्यात हट्टी गोष्ट समजत होते. विळा, कोयता, नांगराचा फाळ. ते इथं दुधासारखं ओतत होते, आणि साच्यानं वाळूत उमटवलेल्या अंधाऱ्या पोकळीत ते अण्णाच्या मनातला आकार शोधत गेलं. अंगाची लाही होत होती, डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण मी हलले नाही. नंतर अण्णानं मिसळ खायला घातली. तिखटानं जीभ पोळली म्हणून मी रडतेय असं हॉटेलातल्या लोकांना वाटलं असेल.

अण्णानं लेथवर सुट्टी टाकली आणि आमच्या अंगणात चिंचेखाली इंजिन खोललं. अप्पांचा धंदा तेवढे दिवस बंद. पण अप्पा बदलले होते. दिवसभर 'काय वाटूळं करतोय बघू' असा चेहरा करून फिरायचे, आणि संध्याकाळी हळूच येऊन पाना हातात द्यायचे. एअर फिल्टर इंजिनाच्या एका बाजूला आणि टर्बो दुसऱ्या बाजूला, मध्ये पाइप हवा होता. अण्णा म्हणाला जाड, दाब सोसणारा पाहिजे. अप्पा उठले, गोठ्यामागं गेले आणि आपल्या नदीच्या मोटरीचा काळा रबरी डिलिव्हरी पाइप कापून घेऊन आले. "ह्यो घे. पाण्याचा दाब खातोय, वाऱ्याला काय घाबरतोय? ह्यो फुटला तर नाव बदलीन." फिल्टरकडून टर्बोत येणाराही तोच, टर्बोतून इंजिनात जाणाराही तोच. पाइप बसवून झाला तेव्हा दोघं बापलेक एकमेकांकडं बघून हसले. हे घरात फार दुर्मीळ होतं, म्हणून लक्षात आहे.

पहिल्यांदा सपाटीला गाडी सोडली तेव्हा एक बारीक शीळ ऐकू आली. अण्णानं पाय दाबला तशी ती चढत गेली आणि गाडी अशी पळाली की मागं बसलेल्या माझं डोकं ताडपत्रीच्या कांबीवर आपटलं. अप्पा ओरडले, "आयला!" आयुष्यभर मी त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी भरून चढणीला घातली. पायथ्याला माणसं सवयीनं उतरायला लागली तर अण्णा ओरडला, "बसा! कुणी उतरायचं न्हाय!" गाडी शीळ घालत निघाली, पहिलं वळण गेलं, आणि म्हसोबाच्या दगडापाशी काळाकुट्ट धूर ओकून, दोन आचके देऊन बंद पडली. अण्णानं हँडब्रेक ओढला, बाप्यांनी उड्या टाकून चाकाखाली दगड घातले. बॉनेट उघडलं. सगळं जागच्या जागी. सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. दहा पावलं गेली आणि परत धूर, परत बंद.

मग सुरू झाली ती शोधाशोध. अण्णानं डिझेलचा फिल्टर बदलला. लाइनीत हवा धरली असेल म्हणून हवा काढली. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का बघितलं. नोझल गारगोटीला नेऊन तपासून आणले, पंप उतरवून कोल्हापूरला नेला. तिथले लोक म्हणाले, पंपात काही खोट नाही. रोज संध्याकाळी गाडी चढणीला न्यायची, आणि रोज ती म्हसोबापाशी मान टाकायची. उघडून बघावं तर सगळं ठणठणीत. गावाला तर पक्कं कळलं होतं. "पोरगं शीळ घालत म्हसोबाम्होरनं गेलं, हात जोडलं न्हाईत," पाणवठ्यावर बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या. अव्वानं नारळ फोडला, लिंबं उतरली, टर्बोला कुंकू लावलं. कुंकू जळून काळं झालं आणि गाडी तिथंच थांबली. वडापची माणसं दुसऱ्याच्या गाडीत बसायला लागली. रस्त्यात भेटलं की म्हणायची, "काय पावणं, इमान उडतंय का न्हाय अजून?"

चढणीपलीकडची जत्रा जवळ आली होती, तेव्हा एका दुपारी अप्पा जेवता जेवता म्हणाले, "जत्रंपातुर. जत्रंदिवशी माणसं भरून गाडी चढली तर ठीक. न्हाईतर त्ये धूड भंगारात, इंजन हुतं तसं, आन् तू मामाकडं पुण्याला. कंपनीत हुबा ऱ्हा, म्हंजे डोकं ठिकाण्यावर यील."

अण्णानं ताट पुढं सारलं. अप्पांचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुणं मी बघितलं नव्हतं, पण अण्णा तिकडं गेला की आपला शनिवार संपला एवढं मला कळत होतं. बारावीची परीक्षा देऊन मी घरात बसले होते, माझ्यासाठी स्थळं बघायचं चाललं होतं, आणि त्या घरात माझ्याशी खरं बोलणारा एकच माणूस होता. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी गोठ्यात जाऊन म्हशीला सगळं सांगितलं. म्हशीनं शेपूट हलवली.

पण रागातच मला सुचलं. अण्णाला म्हटलं, "तू रोज गाडी मेल्यावर तिचं तोंड बघतोस. मरताना कुणी बघितलंय?"

"म्हंजे?"

"बॉनेट काढून ठेव. मी मडगार्डवर बसतो. चढताना आत काय हुतंय ते बघतो." आमच्याकडं पोरीसुद्धा 'बसतो'च म्हणतात, त्यात काही विशेष नाही.

अण्णानं माझ्याकडं टक लावून बघितलं. तो गाडी चालवणार, अप्पा गाडीकडं ढुंकून बघत नव्हते, राहिले मीच. अव्वा "साकु, साकु!" करत धावून आली. तिच्या बोलीत साकु म्हणजे पुरे. पोरीची जात, पडली तर, लोक काय म्हणतील, सगळं म्हणून झालं. मग तिनंच अप्पांचा जुना पटका आणला, माझ्या कमरेला दोन वेढे घातले आणि दुसरं टोक काचेच्या चौकटीला अशी गाठ मारून बांधलं की नंतर ती सोडवायला पक्कड लागली.

जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला रस्ता मोकळा झाल्यावर, आम्ही निघालो. अण्णाची पँट घातलेली, पाय बंपरवर, एका हातात चौकट. इंजिन उघडं, माझ्या गुडघ्यापाशी. मी जन्मापासून त्या गाडीत बसत होते आणि तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पंखा फिरत होता तो दिसतच नव्हता, नुसता वारा तोंडावर येत होता. पट्टा, नळ्या, दांडे, सगळं आपापल्या जागी थरथरत होतं, आणि त्या सगळ्या धडधडीतून शीळ वर वर चढत होती. चढण लागली. अण्णानं पाय दाबला. आणि मग समोरचं काळं लोखंड तांबूस दिसायला लागलं. आधी मला वाटलं मावळतीचा उजेड पडलाय. पण सूर्य माझ्या पाठीमागच्या डोंगराआड कधीच गेला होता. फाउंड्रीत अण्णानं ओतून घेतलेला तो तुकडा लाल होत होता, त्याच्या शेजारी टर्बोचं पोट लाल होत होतं, पळसाच्या फुलासारखं, आणि आमची वडापची जीप, कोंबड्या आणि दुधाची कॅनं वाहणारी, पोटात विस्तव घेऊन डोंगर चढत होती. मी भ्यायला हवं होतं. मी भ्याले नाही. देवळात पुष्कळदा हात जोडलेत मी, पण मन असं भरून आलेलं ते एकदाच.

म्हसोबाचं वळण आलं आणि मी बघितलं. फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाइप, तो जाडजूड डिलिव्हरीचा पाइप, कुशीतून आत गेला. मग आणखी आत. मग त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. शीळ तुटली, काळा धूर उसळला, गाडीनं आचके दिले आणि सगळं थांबलं. अण्णा उडी मारून पुढं येईतो पाइपनं 'पक्' असा बारीक आवाज केला आणि तो फुगून परत होता तसा गोल झाला.

"मिटला!" मी किंचाळले. "अण्णा, पाइप मिटला!"

त्यानं पाइप दाबून बघितला. गरम होऊन जरा मऊ झाला होता, एवढंच. "एवढा जाड पाइप मिटतोय व्हय? तुला भास झाला."

"भास तुझ्या तोंडाला! चल परत खालनं."

परत खालून गेलो. परत त्याच ठिकाणी तो मिटला, आणि गाडी थांबल्यावर साळसूदासारखा गोल झाला. इतके दिवस तो हेच करत होता. कुणी बघायला आलं की शहाणा.

घरी आलो तेव्हा अप्पा सोप्यात जेवत होते. मी पटक्यासकट पुढं जाऊन उभी राहिले. "अप्पा, पाइप मिटतोय. आतनं ओढ बसली की चपटा हुतोय."

अप्पांचा घास हातातच राहिला. "कुठला? टर्बोतनं इंजनात जाणारा?"

"न्हाय. फिल्टरकडनं टर्बोत येणारा."

अप्पांनी उष्ट्या हातानं कपाळावर अशी थाड्दिशी चापट मारली की दह्याचा टिळा उमटला. "सक्शनला डिलिव्हरी लावली! आरं, नदीवर शेंबडं पोरगं बी लावायचं न्हाय! आन् म्याच दिली की रं कापून, म्याच!"

शेतकऱ्याच्या घरात हे सांगावं लागत नाही, पण शहरातल्या माणसांसाठी सांगते. मोटर नदीतून पाणी ओढते त्या बाजूच्या पाइपात तारेचं वेटोळं असतं, नाहीतर ओढीनं तो चपटा होतो. पाणी पुढं ढकलते त्या बाजूला तार लागत नाही, पाण्याचा दाबच त्याला उभा धरतो. अप्पांची हयात त्यात गेलेली, अण्णा मोटरीवरच वाढलेला. पण आम्ही सगळे टर्बोला भाता म्हणत होतो, फुंकणारा, नुसता फुंकणारा. फुंकायला आधी वारा ओढावा लागतो, हे त्या शब्दामागं कुणाला दिसलंच नाही. आणि तो तारेचा सक्शन पाइप गोठ्यामागं, डिलिव्हरीच्या शेजारीच पडला होता. जेवण अर्धं टाकून अप्पांनी तो कापून आणला आणि स्वतःच्या हातानं पट्ट्या आवळून बसवला. मोठ्यानं पुटपुटत होते, पण शिव्या स्वतःलाच चालल्या होत्या.

जत्रेच्या सकाळी घरात खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, रटरटत होती, पण ती चाखायलाही मी थांबले नाही. गाडी भरली. फार कुणी यायला तयार नव्हतं, पण जत्रेला बाकीच्या गाड्या आधीच भरलेल्या. म्हसोबाचं वळण आलं तशी गाडीत चिडीचूप झाली. शीळ चढली, चढत राहिली, दगड डावीकडून मागं गेला, आणि गाडी थांबलीच नाही. मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, "चांगभलं!" आणि मग सगळी गाडी ओरडायला लागली. अप्पा अण्णाच्या शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर घट्ट. पुण्याचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही, अण्णाची त्याहून नाही.

जत्रेहून परतल्यावर, उन्हं उतरताना अप्पा अंगणात आले. "बॉनेट काढ."

अण्णाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, टर्बो उतरवायचा. पण अप्पांनी धोतर खोचलं आणि मडगार्डवर चढून पटका कमरेला आणि चौकटीला बांधला. "नंदे, तू पल्याड बस. मलाबी बघायचंय की."

माझ्या एका बाजूला डोंगर, समोर इंजिन, आणि इंजिनापलीकडं माझे अप्पा. चढणीच्या मध्यावर लोखंड लालबुंद झालं. म्हसोबाचं वळण आलं. त्या दगडापुढून हात न जोडता अप्पा कधी गेलेले मी बघितले नव्हते. त्या दिवशी त्यांची दगडाकडं पाठ होती. त्यांनी चौकट सोडली आणि दोन्ही हात जोडले, इंजिनाला. धक्क्यानं ते कलंडले तसे मी घाबरून ओरडले, पण पटक्यानं धरलं.

माथ्यावर गाडी थांबली. अण्णा खाली उतरला आणि घाबरत घाबरत म्हणाला, "काय दिसलं, अप्पा?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं साचा तासला, लोखंड ओतून घेतलं, एकेक नट आवळला, पण गाडी कायम तोच चालवत होता. स्टिअरिंगमागून त्याला नुसता रस्ता दिसायचा. आपण काय केलंय ते अण्णानं अजून बघितलंच नव्हतं.

अप्पांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. त्यांनी कमरेचा पटका सोडला, अण्णाला जवळ ओढला आणि लहानपणी करदोडा बांधत तसा तो त्याच्या कमरेला बांधला. "सांगून कळायचं न्हाय तुला. बस तिकडं. गाडी मी चालवतो," ते म्हणाले. आणि गाठ आवळता आवळता, वर न बघता, "आन् मामाला कळीव. म्हनावं, पोरगं हितं कामात हाय."

अप्पांनी गाडी वळवून खाली आणली, परत तोंड चढणीकडं केलं, आणि पाय दाबला. अंधार पडत चालला होता. इंजिनापलीकडं अण्णाचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. अप्पा आता नाहीत, ती जीपही नाही, माझे गुडघे आता मडगार्डवर चढू देणार नाहीत. पण त्या खेपेला मी टर्बोकडं बघितलंच नाही. मी सगळी चढण अण्णाकडं बघत होते.